कै., वै. की स्व.? वडिलांच्या पत्रिकेवर नेमकं काय छापावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या पहिल्या पुण्यस्मरणाची पत्रिका छापायची आहे आणि नावाआधी काय लावायचं यावर घरात एकमत होत नाही. चुलते माळकरी, त्यांना 'वै.' हवं. आई म्हणते, सगळीकडे 'कै.' असतं, तेच असू दे. भाऊ म्हणतो, स्वर्ग आणि मोक्ष कुणी पाहिलाय, नुसतं नाव छापा. आणि बहिणीच्या बौद्ध सासरी पत्रिका गेल्यावर त्यांना काय वाटेल, ही तुमची काळजी वेगळीच. या शब्दांत खरंच फरक आहे की नुसती पद्धत आहे, असं तुम्ही विचारलंय.

फरक आहे, आणि बराच आहे. पण आधी निर्णय सांगतो, कारणं नंतर. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ असेल तर 'वै.' लिहा. माळ नसेल आणि घरात कुळाचार, श्रावणी सोमवार, महाशिवरात्र असं चारचौघांसारखं चालत असेल तर 'कै.' लिहा. स्वतः वडीलच यातलं काही मानत नसतील तर 'स्मृतिशेष' लिहा, किंवा नुसतं नाव. नावाआधीचं अक्षर गेलेल्या माणसाच्या श्रद्धेचं असतं, पत्रिका छापणाऱ्याच्या नाही. भावाचं मत भावाच्या पत्रिकेवर चालेल.

आता कारणं. 'स्व.' म्हणजे स्वर्गवासी किंवा स्वर्गीय. ऐकायला हा शब्द सगळ्यांत भारदस्त वाटतो, पण आपल्या शास्त्रांच्या हिशेबात तिघांत सगळ्यांत कच्ची जागा हीच. वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणारे मीमांसक ज्या वेदवाक्याचा आधार घेतात ते 'स्वर्गकामो यजेत': स्वर्ग हवा असेल त्यानं यज्ञ करावा. केलेल्या कर्माचं फळ म्हणून मिळणारी ही जागा, त्यामुळे फळ भोगून संपलं की मुक्काम संपला. गीतेच्या नवव्या अध्यायात हे स्पष्टच आहे, 'क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति'. ज्ञानेश्वरांनी या जागेवर जे लिहिलंय ते वाचून पाहा. स्वर्गाला नेणाऱ्या पुण्याला ते 'पुण्यात्मक पाप' म्हणतात, आणि पुण्य संपलेल्या याज्ञिकाची तुलना कवडी संपल्यावर वेश्येच्या दाराला हातही लावू न शकणाऱ्या माणसाशी करतात. तेराव्या शतकात, स्वर्गाबद्दल. पत्रिकेवर आपण 'स्व.' लिहितो तेव्हा शास्त्रार्थानं एवढंच म्हणतो, की माणूस सध्या वर आहे, पुण्य शिल्लक असेपर्यंत.

वैकुंठ ही विष्णूची जागा, आणि तिथं मुक्ती हा शब्द आला की लगेच प्रश्न येतो: कोणती? परंपरेनं चार सांगितल्या आहेत. सलोकता, म्हणजे देवाच्या गावात राहायला मिळणं. समीपता, म्हणजे देवाच्या जवळ. सरूपता, म्हणजे देवासारखं रूप. सायुज्यता, म्हणजे देवाशी एकच होणं. 'वैकुंठवासी' हा शब्द काटेकोर घेतला तर पहिल्याच पायरीचा, कारण 'वासी' म्हणजे तिथं राहणारा. दासबोधात चौथ्या दशकाच्या शेवटच्या समासात रामदासांनी हा हिशेब मांडलाय: कल्पान्ताला हे देवलोकच नाहीसे होतात, म्हणून पहिल्या तीन मुक्त्याही जातात, उरते ती सायुज्यता. म्हणजे 'वै.' मोठं, पण शेवटचं नाही.

आणि गंमत पुढं आहे. ज्या वारकऱ्यांनी 'वै.' रूढ केलं त्यांनाच मुक्तीची फारशी ओढ नाही. प्रत्येक कीर्तनाच्या शेवटी 'हेचि दान देगा देवा' म्हणतात, त्यात तुकोबा साफ सांगतात, 'न लगे मुक्ति धन संपदा', आणि शेवटी 'गर्भवासी सुखे घालावे आम्हासी'. परत जन्माला घाल, चालेल, पण संतसंग दे. पंढरपूरलाच भूवैकुंठ म्हणणाऱ्या माणसाला वरच्या वैकुंठाची घाई नसावी, हे त्यांच्या दृष्टीनं सरळ आहे. त्यामुळे तुमचे चुलते 'वै.'साठी अडून बसले असतील तर ते वडील कुठे पोचले याचा दाखला मागत नाहीत. वडील माळकरी होते, एकादशी धरायचे, वारी करायचे, ही ओळख त्यांना हवी आहे. जिवंतपणी 'ह.भ.प.', गेल्यावर 'वै. ह.भ.प.', असा तो क्रम आहे.

'कै.' म्हणजे कैलासवासी, शंकराच्या ठिकाणी गेलेला. मराठीत हे अक्षर इतकं सरसकट झालंय की त्यातला शंकर कुणाला दिसत नाही. विठ्ठलभक्तही कै., देवीभक्तही कै. पुण्यात तर दोन्ही पत्ते एकाच शहरात आहेत, वैकुंठ स्मशानभूमी आणि कैलास स्मशानभूमी, आणि कुणाला कुठं न्यायचं हे घर कोणत्या पेठेत आहे यावर ठरतं. नाशिकला अमरधाम, नागपूरला मोक्षधाम. तेव्हा आईचं 'सगळीकडे कै. असतं' हे म्हणणं व्यवहारात बरोबर आहे. 'कै.' हे मराठी हिंदू घरातलं तटस्थ अक्षर झालंय, 'श्री.' जसं लक्ष्मीचं राहिलं नाही तसं.

पण दोन ठिकाणी ते तटस्थ नाही. सोलापूर, लातूर, सांगली, कोल्हापूरकडच्या लिंगायत घरांत 'लिंगैक्य' लिहितात. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण, ऐक्य या षट्स्थलांतली, म्हणजे साधनेच्या सहा पायऱ्यांतली, शेवटची अवस्था ती. इष्टलिंग हातावर ठेवून बसत्या स्थितीत दफन करतात तेही याच समजुतीनं. तिथं कैलास हा डोंगर नसून 'कायकवे कैलास' आहे, म्हणजे हातातलं काम हेच कैलास. बसवण्णांचं एक वचन तर स्वर्ग-नरक दोन्ही जिभेवर आणून ठेवतं: समोरच्याला आदरानं हाक मारली की स्वर्ग, अरेतुरे केलं की नरक.

दुसरं ठिकाण महानुभाव पंथाचं. त्यांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे आहेत, आणि मोक्ष देण्याचा अधिकार फक्त परमेश्वराचा. देवता एक्याऐंशी कोटी सव्वा लाख दहा. त्यांच्या पायऱ्या लावलेल्या आहेत, आणि सत्य, कैलास, वैकुंठ हे तिन्ही लोक मिळून त्यातली एक मधली पायरी होते. म्हणजे ज्या वै. आणि कै. वरून तुमच्याकडे वाद चाललाय ते दोन्ही पत्ते महानुभावाच्या नकाशावर एकाच ओळीत, मोक्षाच्या कितीतरी खाली. महानुभाव घरातली पत्रिका असेल तर या दोन्ही अक्षरांपासून लांब राहा आणि त्यांच्या महंतांना विचारून शब्द घ्या.

तुमच्या पत्रिकेत मात्र याहून जवळची एक विसंगती शिरू शकते, तिकडे लक्ष द्या. कार्यक्रमाचं नाव 'वर्षश्राद्ध' छापलंत तर श्राद्धाच्या विधीत वडील ना वैकुंठात आहेत ना कैलासात. ते पितृलोकात आहेत. बाराव्याच्या सपिंडीकरणानं प्रेत पितरांच्या ओळीत बसतं: वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. पिंड तिघांनाच. वैकुंठाला गेलेल्याला पिंडाची गरज काय, आणि पुनर्जन्म झाला असेल तर पिंड पोचतो कुणाला, हे प्रश्न फार जुने आहेत आणि त्यांवर शास्त्र्यांची उत्तरंही तेवढीच जुनी आहेत. ती इथं काढत नाही. छापताना एवढंच करा: 'वै.' लिहिणार असाल तर कार्यक्रमाला 'प्रथम पुण्यस्मरण' म्हणा आणि खाली कीर्तनाची वेळ द्या. श्राद्धविधी घरात करायचा असेल तर तो करा, पत्रिकेत नको. याचा एक फायदा बहिणीच्या सासरीही होईल, तिकडे येतोच.

संन्याशासाठी 'ब्रह्मीभूत' हा वेगळा शब्द आहे, तो गृहस्थाला लावू नका. अद्वैत वेदान्तात मोक्ष म्हणजे कुठं जाणंच नाही. बृहदारण्यकात म्हटलंय की अशा पुरुषाचे प्राण बाहेर निघतच नाहीत, तो ब्रह्मच असतो आणि ब्रह्मालाच मिळतो. त्याच्या नावामागं 'वासी' लावणं म्हणजे आकाशाला पिनकोड देण्यासारखं.

आता बहिणीचं सासर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे. ही प्रतिज्ञा स्वतः न करण्याची आहे. दुसऱ्याच्या घरी आठवणीला जाऊ नये असं ती म्हणत नाही. तरी 'वर्षश्राद्धास उपस्थित राहावे' हे वाक्य त्यांना अवघडवणार आणि 'पुण्यस्मरण' तेवढं अवघडवणार नाही. तुमच्या वडिलांच्या नावाआधीचं 'वै.' त्यांना खटकायचं कारण नाही, ती वडिलांची श्रद्धा. खटकेल ती शेवटची ओळ: 'मृतात्म्यास चिरशांती लाभो'. बौद्ध विचारात कायम टिकणारा आत्माच मानत नाहीत, तेव्हा शांती कुणाला? म्हणून त्यांच्याकडे 'श्रद्धांजली' टाळून 'आदरांजली' किंवा 'विनम्र अभिवादन' लिहितात, आणि गेलेल्यासाठी 'कालकथित'. पालीत मरण पावण्याला 'कालं करोति' म्हणतात, त्या वळणाचा हा शब्द. 'परिनिर्वाण' मात्र सरसकट वापरू नये, तृष्णा पूर्ण विझलेल्याचं ते जाणं. महापरिनिर्वाण दिन ६ डिसेंबरलाच का म्हणतात हे त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

बौद्धांतही सगळे एकसारखं मानत नाहीत. पाली ग्रंथांत तावतिंस, तुसित असे देवलोक आहेत, दान आणि शीलाच्या पुण्यानं तिथं जन्म मिळतो आणि पुण्य सरलं की तिथूनही जावं लागतं. पण १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी बुद्धाला मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटलं आणि निर्वाण याच जन्मातल्या निर्दोष जगण्यात आणून बसवलं. महाराष्ट्रातल्या बहुतेक बौद्ध घरांत हाच अर्थ चालतो. तुमच्या भावाची आणि व्याह्यांची गाठ पडली तर दोघांचं बरंच जमेल.

इतर धर्मांचं सांगतो, कारण शोकसंदेश लिहिताना इथंच चुका होतात.

जैन घरासाठी 'स्व.' हे अक्षर चपखल आहे आणि 'मोक्षवासी' हे चूक आहे. कारण साधं: जैन कालगणनेतल्या सध्याच्या पाचव्या काळात, जो २१,००० वर्षांचा आहे, या भरतक्षेत्रातून कुणालाही थेट मोक्ष नाही. इथून मोक्षाला गेलेले जंबूस्वामी शेवटचे. कितीही मोठी तपश्चर्या असली तरी आज इथून पुढचा मुक्काम देवलोक, मग पुन्हा मनुष्यजन्म, मग सिद्धशिला, म्हणजे मुक्त जीवांची जागा. १९५५ साली कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडत जाण्याचं व्रत, घेऊन देह ठेवला, त्याला 'समाधिमरण' म्हणतात, मोक्ष म्हणत नाहीत. देवलोक किती यावरही मतभेद आहे: श्वेतांबर बारा कल्प मानतात, दिगंबर सोळा. स्त्रीला स्त्रीदेहातूनच मोक्ष मिळतो का, यावर श्वेतांबर हो म्हणतात, दिगंबर नाही. एकोणिसावे तीर्थंकर मल्ली ही स्त्री होती की पुरुष, हा वाद त्यातूनच आलेला.

मुसलमान माणसासाठी मराठी वर्तमानपत्रं 'पैगंबरवासी' छापतात. हा शब्द 'कैलासवासी'च्या साच्यात ओतून तयार झालाय आणि पुष्कळ मुसलमानांना तो विचित्र वाटतो. गेलेला माणूस कियामतच्या दिवसापर्यंत बर्झखमध्ये, म्हणजे मधल्या अवस्थेत, असतो, जन्नत की जहन्नम हा निवाडा नंतरचा. पैगंबरांच्या घरी राहायला जाण्याची कल्पनाच तिथं नाही. 'मरहूम' लिहा, बाईसाठी 'मरहूमा'. ज्याच्यावर रहम झाली तो, असा अर्थ, आणि तो त्यांच्या श्रद्धेला धरून आहे: अमल, म्हणजे चांगली कर्मं, लागतातच, पण माणूस जन्नतीत जातो तो शेवटी अल्लाहच्या दयेनं. चाळीसवा करायचा की नाही यावर त्यांच्यातही दोन तट आहेत, तेव्हा न विचारता 'चाळीसव्याला येतो' असं कळवू नका.

ख्रिस्ती मराठीत 'ख्रिस्तवासी' चालतं, 'प्रभूमध्ये निद्रिस्त' त्याहून जुळतं, कारण पुनरुत्थानापर्यंतची ती झोप आहे. त्यांचा मोक्षासाठीचा शब्द 'तारण'. बँकेतलं तारण आठवून हसू येतं, पण कल्पना फार लांब नाही: दुसऱ्यानं आपल्यासाठी किंमत मोजलेली आहे. इथं खरा भेद कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात पडतो. गोव्यातला किंवा वसईतला कॅथलिक मृतासाठी मिस्सा ठेवतो, २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्त्या लावतो, कारण स्वर्गाआधी शुद्धीची एक अवस्था आहे आणि तिथं जिवंतांच्या प्रार्थनेची मदत पोचते. प्रोटेस्टंट हे मानत नाही. मरणानंतर हिशेब बदलत नाही, प्रार्थना करायची ती घरच्यांच्या सांत्वनासाठी. त्यामुळे प्रोटेस्टंट घरी 'त्यांच्यासाठी प्रार्थना करतो' म्हणण्यापेक्षा 'तुमच्यासाठी प्रार्थना करतो' म्हणा. बाहेरच्यांना तारण आहे का, यावर कॅथलिक चर्चनं १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत म्हटलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही पण जे मनापासून देवाला शोधतात त्यांनाही ते मिळू शकतं. पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्यांना हे आजही मान्य नाही.

आणि 'वैकुंठ' हा शब्द एकट्या विष्णुभक्तांचा आहे असं चुलत्यांना वाटत असेल तर त्यांना सांगा: १६१६ साली गोव्यात छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ओवीबद्ध क्रिस्तपुराणात ख्रिस्ती स्वर्गाला वैकुंठच म्हटलंय.

भावासाठी आता. त्याला काहीच मानायचं नसेल तर शब्द निवडताना जपावं लागेल, कारण मराठीत मरणाचे निम्मे शब्द चोरून श्रद्धा बाळगतात. 'दिवंगत' हा सगळ्यांना तटस्थ वाटतो. त्याची फोड 'दिवं गत', म्हणजे स्वर्गाला गेलेला. 'देवाज्ञा' तर उघडच. 'निवर्तले' मध्ये परत फिरण्याचा धातू आहे, आणि गीतेत परमधामाचं वर्णन 'जिथून निवर्तत नाहीत ते' असं आहे, म्हणजे नीट पाहिलं तर तो शब्द उलटाच पडतो. खरोखर कोरे शब्द तीन-चारच: निधन, मृत्यू, स्मृतिशेष, आणि सरकारी 'मयत'. शेवटचा पत्रिकेवर नको, तो फेरफाराच्या नोंदीत शोभतो. तिथं मात्र उलट काळजी घ्या: वारसाच्या अर्जात, बँकेत, विम्याच्या कागदावर नावाआधी कै. किंवा वै. लिहू नका, मृत्यूच्या दाखल्यावर आहे तसंच नाव उतरवा. टंकलेखक ते अक्षर नावाचा भाग समजून उतरवतो आणि मग दोन कागदांवर दोन नावं होतात.

छापताना नेहमी होणाऱ्या चुका. 'कै. अमुक यांचे दुःखद निधन झाले' असं लिहू नका, आधीच कैलासाला गेलेला माणूस पुन्हा मरत नाही. निधनाच्या बातमीत 'श्री.' आणि त्यानंतरच्या सगळ्या मजकुरात 'कै.' किंवा 'वै.'. 'वै.' आणि 'कै.' दोन्ही एकत्र नको. 'वै. ह.भ.प.' असा क्रम ठेवा, उलटा नाही. आजोबांचं नाव येणार असेल तर त्यांना त्यांचं अक्षर द्या, वडील वै. म्हणून आजोबा वै. होत नाहीत. आजी आजोबांच्या आधी गेली असेल तर 'कै. सौ.', नंतर गेली असेल तर 'कै. श्रीमती'. 'गं.भा.' हल्ली बऱ्याच घरांत बायकाच नको म्हणतात, आईला विचारल्याशिवाय तिच्या नावाआधीही ते छापू नका.

दिवस तिथीनं धरताय की तारखेनं, ते आधी ठरवा. तिथी तारखेच्या सुमारे ११ दिवस आधी येते; मध्ये अधिक महिना आला असेल तर सुमारे १९ दिवस नंतर. पत्रिकेत मिती आणि दिनांक दोन्ही छापा, नाहीतर निम्मे पाहुणे चुकीच्या दिवशी फोन करतील. कीर्तन १० ते १२ असेल तर पुष्पवृष्टी बरोबर १२ ला आणि महाप्रसाद त्यानंतर, अशा वेगळ्या ओळी द्या. एकाच ओळीत कोंबलं की लोक जेवणाच्या वेळेलाच येतात.

मजकूर असा बसेल: 'आमचे वडील वै. ह.भ.प. (नाव) यांचे प्रथम पुण्यस्मरण मिती (तिथी), दि. (तारीख) रोजी आहे. त्यानिमित्त हरिकीर्तन आयोजित केले आहे. आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.' खाली 'विनम्र अभिवादन', चिरशांतीची ओळ गाळून. निमंत्रकांत आईचं नाव पहिलं, मग चुलते, मग तुम्ही दोघे भाऊ आणि बहीण-मेहुणे. प्रूफ आलं की मोबाईलवर न बघता कागदावर काढून घ्या आणि पहिल्यांदा चुलत्यांच्या हातात द्या. ह.भ.प. मधली टिंबं ते तुमच्यापेक्षा बारकाईनं बघतील.